न्हाणीघरातला आवाज

दिवाळीची अभ्यंगस्नाने आटोपली, की घरोघरचा गीझर खऱ्या अर्थाने कामाला लागतो. उन्हाळ्या-पावसाळ्यात जेमतेम पाच-दहा मिनिटे तापणारी ही टाकी आता पहाटेपासून एकामागून एक आंघोळींचे पाणी पुरवू लागते, आणि वर्षभर जे कानावर आले नव्हते ते येऊ लागते. या पंधरवड्यात आलेले एक पत्र नेमके याच विषयीचे आहे. पत्रलेखिका पुण्याच्या उपनगरात राहतात; घरी चौऱ्याऐंशी वर्षांचे वडील आणि त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान आई. त्या लिहितात : “गीझर लावला की आत कोणी वाळूत चणे भाजत असावे, तसा आवाज येतो. मध्येच टाकीवर खडा आपटल्यासारखे होते. आईने याची इतकी धास्ती घेतली आहे की पाच मिनिटांत ती बटण बंद करते. बाबांना आवाज ऐकूच येत नाही. पण कोमट पाण्याने ते कुडकुडतात आणि आता दिवसाआड आंघोळ करू लागले आहेत. मिस्त्री आला, त्याने काही न उघडता ‘नवीन घ्या’ म्हणून सांगितले. हा गीझर फुटेल का? बदलावाच लागेल का? आणि तोवर आम्ही काय करावे?”

पत्रातील वर्णन इतके नेमके आहे की पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी त्यातच दडले आहे. चणे भाजल्यासारखा तडतडाट हा क्षारांचा आवाज होय. तेवढ्याने गीझर फुटत नाही. फुटण्याची भीती ज्या दोषातून उत्पन्न होते, तो दोष बहुधा आवाज न करताच बसलेला असतो. त्याकडे पुढे वळू.

आपल्यापैकी पुष्कळांच्या बालपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात गोवऱ्या, ढलप्या वा कोळसे पेटवायचे, भोवतीच्या पोटात पाणी. तो बंब सूं-सूं करी, गुरगुरे, खदखदे, आणि त्या आवाजाने कोणी घाबरत नसे. उलट पाणी तापल्याची ती वर्दी असे. बंब आणि गीझर यांत भेद एवढाच, की बंबाचे पोट वर उघडे होते. पाणी उकळले तर वाफ आपोआप बाहेर जाई. गीझरची टाकी बंद असते आणि इमारतीवरील टाकीच्या किंवा प्रेशर पंपाच्या दाबाखाली असते. बंबाला जे काम उघड्या तोंडाने फुकट साधत होते, तेच काम गीझरमध्ये तीन लहानशा वस्तूंवर सोपवलेले आहे : ठरावीक तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो चुकला तर वीज तोडणारा कट-आउट आणि ते दोन्ही चुकले तर दाब मोकळा करणारा सेफ्टी व्हॉल्व्ह.

आता त्या तडतडाटाविषयी. पुण्याला धरणाचे पाणी मिळते आणि ते सौम्य असते. परंतु उपनगरांतील अनेक सोसायट्यांना कूपनलिकेची आणि टँकरची जोड घ्यावी लागते. काळ्या खडकाच्या भेगांतून आलेल्या या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. या क्षारांचे वर्तन नेमके उलटे. पाणी तापले की विरघळलेले बायकार्बोनेट मोडते, कर्बवायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ, मागे उरतो. तो सर्वांत आधी बसतो तो सर्वांत तप्त जागी, म्हणजे कॉइलवर. या थराखाली आणि त्याच्या भेगांमध्ये अडकलेले थोडेसे पाणी कॉइलच्या धगीने तिथल्या तिथे वाफ होते. तो बुडबुडा थराबाहेर पडून भोवतालच्या कमी तापलेल्या पाण्यात येताच मिटतो. असे शेकडो बुडबुडे फुटत-मिटत राहिले की चणे भाजल्याचा आवाज होतो. थराची खपली सुटून तळाशी पडली, की टाकीवर खडा आपटल्याचा भास होतो. पत्रातील दोन्ही आवाज असे एकाच कारणातून निघालेले दिसतात.

या थराने विजेचे बिल दुपटीने वाढते, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. त्यावर फार विश्वास ठेवू नये. कॉइल पाण्यातच बुडालेली असल्यामुळे तिची उष्णता पाण्यावाचून दुसरीकडे जाणार कुठे? नुकसान होते ते कॉइलचे. थरामुळे उष्णता बाहेर पडायला अडखळते, कॉइल आतल्या आत वाजवीपेक्षा जास्त तापते आणि लवकर जळते. क्वचित तिचे आवरण चिरून वीज पाण्यात उतरते. म्हणूनच हा आवाज घाबरण्याजोगा नसला, तरी दोन-तीन हिवाळे ऐकत बसण्याजोगाही नाही.

एक साधी परीक्षा आपल्याला घड्याळ हाती घेऊन करता येईल. १५ लिटरची टाकी आणि २ किलोवॅटची कॉइल असेल, तर हिवाळ्यातले २० अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. २५ लिटरला पस्तीस ते चाळीस. त्यानंतर गीझरवरचा ‘तापत आहे’ असे दर्शवणारा दिवा आपोआप मालवला पाहिजे आणि पाठोपाठ तडतडाटही थांबला पाहिजे. तसे झाले, तर थर्मोस्टॅट आपले काम करतो आहे. पत्रलेखिकेच्या मातोश्री पाचव्या मिनिटालाच बटण बंद करीत असल्यामुळे ही परीक्षा त्यांच्या घरी आजवर झालेलीच नाही. ती एकदा करावी; त्या वेळी न्हाणीघरात कोणी नसावे आणि बटणापाशी घरातील धडधाकट व्यक्ती असावी. याउलट पाऊण-एक तास झाला तरी दिवा जळतोच आहे, आतला तडतडाट जाऊन जड खदखद सुरू झाली आहे, नळातून पाण्याबरोबर वाफ फसफसत येते आहे, असे आढळले, तर पाणी नको तितके तापत आहे असे समजावे. बटण न्हाणीघराच्या आत असेल, तर तिथे न जाता मुख्य एमसीबी पाडावा, दार लोटून घ्यावे, गीझर काही तास तसाच निवू द्यावा आणि कारागीर येईपर्यंत पुन्हा लावू नये. गरम पाणी सोडून टाकी रिकामी करण्याचा मोह टाळावा. त्या वेळी तोटीतून येते ते पाणी नव्हे, भाजून काढणारी वाफ असते.

आता त्या मूक दोषाकडे वळू. पाणी तापले की ते फुगते. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेले, तर ते सुमारे एक-तृतीयांश लिटरने वाढते. गार पाण्याच्या नळीत एकेरी झडप बसवलेली असते, म्हणजे हे वाढीव पाणी मागे जाऊ शकत नाही. तोटी बंद असल्यामुळे पुढेही जाऊ शकत नाही. मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. गीझर तापत असतानाची ही टिपटिप म्हणजे बिघाड नव्हे. व्हॉल्व्ह जिवंत असल्याची ती खूण आहे.

परंतु न्हाणीघराच्या फरशीवर ते पाणी सांडते. घरात वृद्ध माणूस असले, की ओली फरशी ही सर्वांच्या डोळ्यांत सलणारी गोष्ट. त्यात कोणी एकदा घसरले, की “ही गळती आधी बंद करा” असा हुकूम सुटतो आणि येणारा मिस्त्री पाच मिनिटांत व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच ठोकून जातो. घसरण्याचा धोका गेल्याच्या समाधानात आपण टाकीचे एकमेव सुटकेचे दार लिंपून घेतलेले असते. यानंतर एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट आणि कट-आउट दोन्ही चिकटून बसले, तर बंद टाकीतले पाणी शंभर अंशांच्याही वर तापत जाते. दाबामुळे त्याची वाफ होत नाही. टाकी कुठे उसवली, की दाब एकाएकी उतरतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणार्धात वाफ होतो. पाण्याची वाफ होताना तिला सोळाशेपटींहून अधिक जागा लागते. गीझर फुटल्याच्या बातम्या येतात त्यांच्यामागची एक वाट ही आहे. तेव्हा वाचकहो, हा अंक खाली ठेवल्यावर एकच काम करायचे झाले, तर गीझरखाली डोकावून पाहावे. व्हॉल्व्हच्या तोंडाला बूच, कापडाची चिंधी, एम-सील किंवा सुतळी गुंडाळलेली दिसली, तर गीझरचे बटण बंद करून कारागिराला बोलवावे. फरशी कोरडी ठेवण्याचा उपाय अगदी सोपा आहे : व्हॉल्व्हच्या तोंडाला एक बारीक नळी लावून ती उताराने मोरीच्या जाळीपर्यंत सोडावी, तिचे दुसरे टोक उघडे राहील एवढे पाहावे. गीझर बंद असतानाही पाणी गळतच राहिले, तर मात्र व्हॉल्व्ह खराब आहे किंवा इमारतीच्या पाण्याचा दाब फार आहे. तेव्हा व्हॉल्व्ह नवा घालावा, बूच नव्हे.

इतर आवाजांची ओळख त्यांच्या वेळेवरून पटते. तोटी झटकन बंद केली की भिंतीत धाडकन् होणारा आवाज गीझरचा नसतोच. वाहते पाणी एकाएकी थबकल्याचा तो हिसका असतो. तोटी सावकाश फिरवली आणि सैल झालेल्या नळ्या भिंतीला आवळून घेतल्या, की तो थांबतो. गीझर बंद केल्यावर येणारी टिक्-टिक् ही निवणाऱ्या पत्र्याची असते आणि ती निरुपद्रवी होय. स्वयंपाकघरातला ३ लिटरचा छोटा गीझर नवा असतानाही करकरतो, कारण त्यात पाणी थोडे आणि कॉइल ताकदीची असते. बटणापाशी किंवा प्लगपाशी येणारी चरचर मात्र यांपैकी कशातच मोडत नाही. प्लग हाताला चटका देत असेल, त्याच्या भोकांभोवती काळपटपणा दिसत असेल, तर आत ठिणगी पडते आहे. तिथे पाण्याच्या नव्हे, विजेच्या कारागिराचे काम असते, आणि तेही त्याच दिवशी. त्याला बोलावलेच आहे, तर अर्थिंग तपासून घ्यावे आणि घरात ईएलसीबी नसेल तर तो बसवून घ्यावा. गीझर बंद करूनच आंघोळीला जाण्याची जुन्या माणसांची शिस्त काहींना भित्रेपणाची वाटते. ती अत्यंत शहाणपणाची आहे.

पत्रातील एक वाक्य सहज लिहिले गेले आहे, पण माझे लक्ष तिथेच थबकले : “बाबांना आवाज ऐकूच येत नाही.” वयोमानाप्रमाणे कान मंदावतात ते सर्व स्वरांना सारखे नव्हे, बारीक, तीव्र स्वर आधी हरवतात. व्हॉल्व्हची शीळ, वाफेची सुरसुर, प्लगमधली चरचर हे सारे याच जातीचे स्वर. त्यातून श्रवणयंत्र आंघोळीपूर्वी काढून ठेवावे लागते. म्हणजे घरात गीझरच्या सर्वांत जवळ, ओल्या अंगाने आणि एकटी असणारी व्यक्ती हीच ते ऐकण्यास सर्वांत असमर्थ असते. “बाबा काही म्हणाले नाहीत” यावर विसंबता येत नाही. गीझर तापत असताना न्हाणीघरात दोन मिनिटे उभे राहून ऐकणे, हे काम शुश्रूषा करणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी आपल्याकडे घ्यावे.

याची दुसरी बाजू स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या घरी दिसते. तिथे माणूस आंघोळीला जाण्यास एकाएकी नकार देऊ लागतो, दाराशीच अडतो, हात झटकतो. आणि घरचे त्याला हट्ट समजतात. त्यांना त्या बंद डब्यातला तडतडाट ऐकू येत असतो, पण तो कशाचा हे उमगत नसते आणि सांगताही येत नसते. अशा घरी पाणी आधी तापवून घ्यावे, बटण बंद करावे, आवाज पूर्ण थांबू द्यावा, बादली भरून ठेवावी आणि मगच त्यांना आत न्यावे. गीझर दुरुस्त होण्याआधीच त्यांची अर्धी भीती याने ओसरेल.

पाण्याच्या उष्णतेबद्दलही बोलले पाहिजे, कारण आवाज कमी व्हावा म्हणून पुष्कळजण थर्मोस्टॅट अगदी खाली आणतात, किंवा पत्रातील मातोश्रींप्रमाणे पाणी अर्धवट तापवून ठेवतात. २० ते ४५ अंशांच्या दरम्यान कोमट राहणाऱ्या पाण्यात लीजिओनेला नावाचे जीवाणू वाढू शकतात आणि शॉवरच्या तुषारांबरोबर फुफ्फुसांत जाऊन न्यूमोनिया घडवू शकतात. वृद्ध आणि धूम्रपान करणारे यांना त्याचा धोका अधिक. रोज रिकाम्या होणाऱ्या लहान टाकीत ही शक्यता थोडी असली, तरी टाकी दिवसेंदिवस कोमट ठेवण्याचे कारण नाही. टाकीतले पाणी ५५ ते ६० अंश असावे. अंगावर घ्यायचे पाणी मात्र चाळीसच्या आसपास. ६० अंशांच्या पाण्याने साधारण पाच सेकंदांत त्वचा खोलवर भाजते. ५० अंशांना त्याच इजेसाठी काही मिनिटे लागतात. उतारवयात त्वचा पातळ झालेली असते, म्हणून ही मुदत आणखी आखूड समजावी. बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मग गरम, हा क्रम घरात सर्वांनी पाळावा. मधुमेहाने पायांची संवेदना उणावलेल्या व्यक्तीने पायाने पाण्याचा अंदाज घेऊ नये. शुश्रूषा करणाऱ्याने कोपर बुडवून पाहावे.

आता दुसरा प्रश्न : गीझर बदलावा का? न उघडता दिलेला निकाल मान्य करू नये. कारागिराला नेमकेपणाने सांगावे, की कॉइल बाहेर काढून आम्हाला दाखवा. तो आधी वीज तोडील, टाकी रिकामी करील, खालची तबकडी उघडील. कॉइलवर पांढरा, दगडी थर दिसला, की पत्रातील आवाजाचे कोडे सुटले. ती सौम्य आम्लात, उदाहरणार्थ लिंबूसत्त्वाच्या द्रावणात, भिजवून साफ होते. फार खाल्ली गेली असेल तर नवी घालता येते. तळाशी साचलेला चुरा धुऊन काढावा. तिथेच मॅग्नेशियमची एक कांडी लावलेली असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. टाकीऐवजी स्वतः गंजणे हेच तिचे काम. ती झिजून तारेएवढी उरली असेल, तर बदलून घ्यावी. रबरी वॉशर नवे घालावे. फरशी धुण्याचे जहाल अ‍ॅसिड टाकीत ओतून “आतून सफाई” करू देऊ नये. त्याने थराबरोबर टाकीचे अस्तरही जाते. कूपनलिकेच्या पाण्यावर ही सफाई वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, करून घ्यावी. धरणाच्या पाण्यावर दोन-तीन वर्षांनी केली तरी चालते. गीझर बदलण्याची वेळ येते ती टाकीच गळू लागल्यावर : बाहेरच्या पत्र्याच्या तळाशी गंजाचे ओघळ, गरम पाण्यात तांबूस झाक. टाकीला ठिगळ लावता येत नाही.

ज्यांच्या घरी गॅसचा गीझर आहे, त्यांच्यासाठी वरील बराचसा मजकूर गैरलागू आहे, पण एक आवाज त्यांनी ओळखावा. तोटी उघडल्यावर क्षणभर शांतता आणि मग भक्कन् पेट, असे होत असेल, तर तेवढ्या वेळात न जळलेला गॅस साचतो आहे. सेल उतरले असतील किंवा बर्नर काजळला असेल. काजळी म्हणजे अपुरे ज्वलन, आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो; त्याला वास नाही, रंग नाही. बंद खिडकीच्या न्हाणीघरात वृद्ध व्यक्तीला डोके जड होणे, मळमळणे, भोवळ येणे आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटणे, हे दोनदा घडले, तर केवळ रक्तदाबाला दोष देऊन थांबू नये. गीझरचा वापर त्याच दिवसापासून बंद करावा आणि डॉक्टरांना ही हकीकत जशीच्या तशी सांगावी. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, खेळत्या हवेतच असावा.

उरला तिसरा प्रश्न : कारागीर येईपर्यंत काय करावे? व्हॉल्व्हला बूच नाही, दिवा वेळेवर मालवतो आणि प्लग थंड आहे, एवढे पाहून झाले असेल, तर पत्रलेखिकेच्या घरी गीझर आठवडाभर वापरण्यास हरकत नाही. पूर्ण तापू द्यावा, बंद करावा, बादली भरावी आणि मग वडिलांना आत बोलवावे. मातोश्रींना बटणाच्या पहाऱ्यावरून मुक्त करून ते काम घरातल्या दुसऱ्या कोणी घ्यावे. तीनपैकी एका बाबीतही शंका असली, तर गीझर लावू नये. पर्याय म्हणून बादलीत सोडण्याचा विजेचा रॉड मात्र आणू नये; पाणी तापले का हे पाहण्यासाठी रॉड चालू असताना बोट बुडवण्याची सवय जीवघेणी ठरते, आणि वृद्धांच्या हातून रॉड बंद करण्याचे राहूनही जाते. पातेल्यात शेगडीवर पाणी तापवावे; पण भरले पातेले आईंनी उचलायचे नाही. ते निम्मेच भरावे, बादलीत आधी गार पाणी घालून ती न्हाणीघरात जागेवर ठेवावी आणि कढत पाणी दोन खेपांत धडधाकट माणसाने नेऊन ओतावे. वडील त्या वेळी बाहेर खुर्चीवर, अंगावर शाल घेऊन बसलेले असावेत.